परसातल्या ग्रिलसाठी कोळसा पेटवायची खात्रीची रीत कोणती?

प्राजक्ताचे अंगण (प्रश्न, १० डिसेंबर)

नमस्कार. आम्ही सहकारनगरमध्ये एका जुन्या बैठ्या बंगल्यात राहतो. घरामागे लहानसे परस आहे. तिथे एक प्राजक्त, एक कढीलिंब, कपडे वाळत घालायच्या तारा आणि खाली शहाबादी फरशी आहे. गेल्या हिवाळ्यात मुलांच्या हट्टाखातर आम्ही कोळशावरचे एक ग्रिल विकत आणले आणि नाताळच्या सुट्टीत दोन्ही नणंदा कुटुंबासह आल्या असता, १४ माणसांसाठी कणसे, वांगी, पनीर आणि थोडी कोंबडी त्यावर भाजायचे ठरवले. वखारीतून ५ किलो लोणारी कोळसा आणला होता.

कोळसा काही केल्या पेटेना. आधी खाली वर्तमानपत्र चुरगाळून ठेवले. कागद जळून गेला आणि कोळसे काळेच राहिले. मग सासूबाईंनी सुचवले म्हणून कापराच्या वड्या ठेवल्या. त्याने कडेचे चार कोळसे लाल झाले, पण पाच मिनिटांत त्यांच्यावर राखेची साय धरली आणि तेही विझले. शेवटी यजमानांनी कोळसे पेटवण्यासाठी बाटलीत मिळते ते द्रव आणून ओतले. ज्वाळा उठली, बसली. त्यांनी आणखी ओतले, तेव्हा ज्वाळा एकदम वर आली आणि त्यांच्या मनगटावरचे केस होरपळले. एवढे होऊन सव्वा तासाने निखारे तयार झाले, पण पनीरला आणि वांग्याला रॉकेलसारखा वास लागला होता. सासूबाईंना दमा आहे. त्या धुरामुळे आत जाऊन बसल्या त्या पुन्हा बाहेर आल्याच नाहीत, आणि ज्यांच्यासाठी वांग्याचे भरीत करायचे होते त्यांनी ते तोंडातही घातले नाही. मला त्या दिवसाचे सर्वांत जास्त वाईट वाटते ते याच गोष्टीचे.

येत्या २५ डिसेंबरला सगळे पुन्हा येणार आहेत. द्रव न वापरता, कमीत कमी धुरात आणि ठरलेल्या वेळात कोळसा पेटवायचा असेल तर काय करावे? पेटलेले कोळसे का विझतात? केस वाळवायच्या यंत्राने वारा घातला तर चालेल का? अनुभवाने सांगावे, ही विनंती.

भट्टीवाला (उत्तर)

ताई, कडेचे कोळसे लाल होऊन विझले असे तुम्ही लिहिले आहे, तिथूनच सुरुवात करतो, कारण कोळसा पेटवण्याच्या सगळ्या रीती त्या एका गोष्टीभोवती फिरतात. भोसरीत लोखंडाला पाणी देण्याच्या भट्ट्यांवर माझी बरीच वर्षे गेली, आणि नवीन आलेल्या पोरांना मी हेच पहिल्या दिवशी दाखवत असे.

लाकूड तापले की त्यातून वायू सुटतात आणि ते वायू ज्वाळा धरतात. लोणारी कोळसा म्हणजे लाकूड अपुऱ्या हवेत जाळून त्यातले पाणी आणि ते वायू आधीच घालवून उरलेला, बहुतांशी कार्बनचा सांगाडा. तो ज्वाळेने पेट घेत नाही. त्याचा पृष्ठभाग साधारण ३०० ते ४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापला आणि त्याच जागी ताजी हवा मिळत राहिली, तरच तो निखारा होऊन जळतो. वर्तमानपत्राचा कागद अर्ध्या मिनिटात जळून जातो. तेवढ्यात कोळशाची वरची कातडीसुद्धा पुरेशी तापत नाही. तुमच्या कापराने चार कोळसे तापवले, पण ते कडेला, एकमेकांपासून दूर होते. एकट्या निखाऱ्याची उष्णता चहूबाजूंनी निघून जाते, वर राखेचा थर बसतो, हवा तुटते आणि तो विझतो. तेच चार कोळसे एकमेकांना चिकटून, खालून हवा येईल असे असते, तर एकाची उष्णता दुसऱ्याने घेतली असती आणि आग पसरत गेली असती. म्हणजे तुमच्याकडे जाळायला काही कमी नव्हते, खालून वर जाणारी हवेची वाट तेवढी नव्हती. ग्रिलच्या उथळ तबकात पसरलेल्या कोळशाला ती वाट मिळत नाही.

ही वाट करून देणारे सर्वांत साधे साधन म्हणजे कोळशाची चिमणी. दोन्ही बाजूंनी उघडे पत्र्याचे नळकांडे, तळापासून चार बोटे वर एक जाळी आणि जाळीखालच्या भागाला सभोवार भोके, एवढेच तिचे स्वरूप असते. जाळीवर कोळसा भरायचा, जाळीखाली कागद पेटवायचा. तापलेली हवा हलकी होऊन नळकांड्यातून वर चढते, तिची जागा घ्यायला खालच्या भोकांतून ताजी हवा आपोआप ओढली जाते आणि पंखा न हलवता कोळसे तळापासून वर फुलत जातात. गिरणीच्या धुराड्याला ओढ असते ती याच कारणाने.

विकतची चिमणी ऑनलाइन मिळते, पण ती करून घेणे अवघड नाही. बोहरी आळीतून किंवा कोणत्याही फॅब्रिकेशनवाल्याकडून १ मिलिमीटर जाडीच्या साध्या काळ्या पत्र्याचे २० सेंटिमीटर व्यासाचे आणि ३२ सेंटिमीटर उंचीचे नळकांडे करून घ्या. तळापासून ८ सेंटिमीटरवर ६ मिलिमीटरच्या सळ्यांची जाळी वेल्ड करून घ्या. सळ्यांमधली फट बोटभर असू द्या, म्हणजे कोळसा खाली पडणार नाही आणि राख अडणार नाही. जाळीखाली अर्ध्या इंची १६ ते २० भोके पाडून घ्या. मूठ लाकडाची हवी आणि ती नळकांड्यापासून तीन-चार बोटे दूर हवी. गॅल्व्हनाइज्ड पत्रा मात्र घेऊ नका, दुकानदाराने कितीही सांगितले तरी. त्यावर जस्ताचा मुलामा असतो. जस्त ४२० अंशांना वितळते, फुललेल्या कोळशाजवळ त्याहून कितीतरी जास्त उष्णता असते आणि जस्ताची वाफ छातीत गेली की थंडी वाजून ताप भरतो. वेल्डिंगच्या कामगारांना हा ताप चांगला ठाऊक आहे. तुमच्या घरात दम्याचे माणूस आहे, म्हणून हे विशेष लक्षात ठेवावे.

अशा चिमणीत साधारण दीड किलो लोणारी कोळसा मावतो. भरताना मोठे तुकडे खाली, लहान वर, आणि दाबून भरायचे नाही. पोत्याच्या तळाशी जी भुकटी असते ती आधी चाळून काढा, कारण फटी बुजवण्यात तिच्यासारखे दुसरे काही नाही. पुष्कळांचा कोळसा केवळ त्या भुकटीमुळे पेटत नाही. वर्तमानपत्राची दोन पाने सैल चुरगाळा, त्यांवर चमचाभर गोडेतेल शिंपडा म्हणजे कागद भडकन न जळता तीन-चार मिनिटे वातीसारखा जळेल, आणि दोन-तीन भोकांतून काडी लावा. पहिली काही मिनिटे दाट पांढरा धूर येईल. तो कागदाचा, कोळशातल्या ओलीचा आणि राहिलेल्या कच्च्या लाकडाचा असतो. तो ओसरला की वरून पाहा: तुकड्यांच्या फटींतून केशरी उजेड दिसू लागतो आणि चिमणीवरची हवा थरथरताना दिसते. सर्वांत वरच्या तुकड्यांच्या कडा करड्या झाल्या की कोळसा ओतायला तयार. वाळलेल्या लोणारी कोळशाला १२ ते १५ मिनिटे लागतात; दाबून केलेल्या विटांच्या कोळशाला २० ते २५.

चिमणी कुठे ठेवता यालाही महत्त्व आहे. ती ग्रिलच्या खालच्या जाळीवरच ठेवून पेटवा. शहाबादी फरशीवर ठेवू नका. एका जागी एवढी उष्णता लागली की फरशी तडकते, आणि खालच्या सिमेंटमध्ये ओल असेल तर कपची उडते. प्राजक्ताच्या फांदीखाली नको, कपड्यांच्या तारेखाली तर मुळीच नको. ओतताना हातात चामडी हातमोजा घाला, तोंड स्वतःपासून पलीकडे ठेवा आणि मुलांना चार पावले मागे उभे करा.

केस वाळवायच्या यंत्राविषयी. ते कोळसा पेटवत नाही, ते फक्त वारा देते. निम्मा कोळसा लाल झाल्यावर दुरून, हळू वेगात वारा दिला तर उरलेला लवकर फुलतो. लोहाराचा भाता हेच काम करतो. पण जवळून वारा मारलात तर राख आणि ठिणग्या उडून सगळ्यांच्या डोळ्यांत आणि ताटांत जातील. चिमणी असेल तर त्याची गरज पडू नये.

द्रवाचे जे झाले त्याचे कारणही सांगतो. गरम कोळशावर ते द्रव पडले की त्याची लगेच वाफ होते, वाफ हवेत मिसळून पेट घेते आणि ज्वाळा धारेबरोबर बाटलीकडे येते. तुमचे यजमान मनगटावरच्या केसांवर निभावले. ज्वाळा बसली म्हणून पुन्हा ओतणे हे कधीही, कोणत्याही द्रवाच्या बाबतीत करू नये. हातावर लावायच्या सॅनिटायझरबद्दल तर अधिकच काळजी घ्यावी, कारण स्पिरिटची ज्वाळा दिवसाच्या उजेडात जवळजवळ दिसत नाही आणि विझली असे समजून माणूस पुन्हा ओततो. पेट्रोलचा विचारही नको. पुण्याच्या कडाक्याच्या थंडीतसुद्धा त्याची वाफ ठिणगीने भडकते.

वाड्यातली आठवण (उत्तर)

मी वयाने मोठी आहे, म्हणून अगं म्हणते. भट्टीवाल्यांनी लिहिलेले नळकांडे वाचले आणि नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यातली सकाळ डोळ्यांपुढे आली. आमच्याकडे लोखंडी बादलीची शेगडी होती, आतून मातीने लिंपलेली, खाली राख काढायचे तोंड असलेली. आई ती चौकात नेऊन पेटवत असे आणि कोळशांनी धर धरला की त्यावर पत्र्याचे एक काळे पडलेले नळकांडे उभे करी. आम्हा मुलींना त्याला हात लावायची मनाई होती. नळकांडे ठेवले की शेगडी घुमल्यासारखा आवाज करी, आणि तो आवाज आला की आई पंखा खाली ठेवून आंघोळीला जाई.

तुझ्याजवळ चिमणी नसली तरी कोळसा पेटतो, हे मला सांगायचे आहे. फक्त त्याला वर चढायला एकेक पायरी द्यावी लागते. सर्वांत खाली नारळाच्या शेंडीचा मोकळा केलेला काथ्या, त्यावर करवंटीचे चार-पाच तुकडे उभे टेकवून, त्यावर सुपारीएवढे कोळसे आणि मग मोठे. काथ्या काडीने धरतो, करवंटी चांगली दहा मिनिटे ज्वाळेने जळते, आणि तेवढ्या वेळात लहान कोळसे लाल होतात. कागद यांपैकी काहीच करू शकत नाही. ढीग उभा, शंकूसारखा रचायचा, आणि पंखा वरून न घालता शेगडीच्या खालच्या तोंडाशी घालायचा. सिंहगडावर आणि खडकवासल्याला कणसे भाजणाऱ्या बायका पंखा कुठे धरतात ते एकदा थांबून बघ. त्यांचा हात निखाऱ्यांच्या बरोबरीने किंवा त्यांच्याही खाली चालतो.

कापराबद्दल तुझ्या सासूबाईंचे अगदीच चुकले असे नाही. ओल्या हवेत काडी धरत नाही तेव्हा कापराने काथ्या पेटतो. पण कापूर मिनिटभरात संपतो, काळी काजळी धरतो आणि त्याचा वास अन्नाला लागतो. त्याने काथ्या पेटवावा, कोळसा नव्हे.

कोळसा घेताना मात्र घाई करू नकोस. दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघायचे. चांगला भाजलेला कोळसा खापरासारखा खणखणतो आणि मोडला तर आत चकाकतो. ज्याचा आवाज बद्द येतो, जो आत तपकिरी दिसतो, तो कच्चा. त्यात लाकूड राहिलेले असते आणि सगळा धूर त्याचाच होतो. तुझ्या सासूबाईंना ज्या धुराने त्रास झाला, त्यातला निम्मा तरी अशा कच्च्या तुकड्यांचा असणार असे मला वाटते. पावसाळ्यात वखारीत पडून राहिलेला कोळसा हवेतली ओल धरतो. तो दोन दिवस उन्हात पसरून ठेव. डिसेंबरातले पुण्याचे ऊन त्याला पुरे.

आणि एक गोष्ट, जी आता कोणी करत नाही. स्वयंपाक झाला की उरलेले निखारे आई चिमट्याने एकेक उचलून मातीच्या मडक्यात टाकी आणि वर झाकण घालून कडेला ओली माती लिंपे. हवा तुटली की ते विझत आणि दुसऱ्या दिवशी तेच विझवणीचे कोळसे आधी पेटवायला घेतले जात. एकदा जळून विझलेला कोळसा अगदी कोरडा आणि भुसभुशीत असतो, तो नव्या कोळशाआधी धरतो. तुझ्या ग्रिलला झाकण असेल तर झाकण आणि खालची हवेची झडप बंद कर, तेच काम होईल. पाणी ओतून विझवू नकोस. वाफेने हात भाजतो, राखेचा चिखल होतो आणि कोळसा वाया जातो.

पंगत ते पार्टी (उत्तर)

मी लहान समारंभांना जागेवर भाजून देण्याचे काम करतो. वरच्या दोन्ही उत्तरांत मला खोडायचे काही नाही, पण १४ माणसांचे गणित वेगळे आहे आणि त्याबद्दल लिहिणे आवश्यक वाटते.

एका चिमणीच्या दीड किलोत तुमचा अर्धा स्वयंपाक होईल. कणसे आणि वांगी भाजून होतात न होतात तोच निखारे बसू लागतात, आणि मग बहुतेक जण त्या निखाऱ्यांवर काळा कोळसा तसाच टाकतात. तो पेटताना पुन्हा धूर करतो आणि त्या वेळी वर पनीर असले तर सगळा धूर पनीरच घेते. पहिली चिमणी ओतल्यावर लगेच दुसरी भरून, दोन विटांवर बाजूला पेटवत ठेवा. या खेपेला कागदही लागत नाही, ग्रिलमधले तीन-चार जिवंत निखारे जाळीवर टाकून त्यावर कोळसा भरला की पुरते. तासाभराच्या भाजण्याला ५ किलो कोळसा १४ माणसांना पुरतो.

ओतल्यानंतर लगेच काही वर ठेवू नका. निखारे एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला विरळ पसरा आणि त्यांच्यावर सगळीकडे राखेचा पातळ पांढरट पदर येईपर्यंत पाच-सात मिनिटे थांबा. निखाऱ्यांवर निळ्या, नाचणाऱ्या छोट्या ज्योती दिसत असतील तर तो कार्बन मोनॉक्साइड वायू जळत असतो. त्या दिसेनाशा झाल्या की आच एकसारखी होते. घाईने ठेवलेली कोंबडी बाहेरून काळी आणि आतून कच्ची राहते, हे मी माझ्याच पहिल्या वर्षी एका बारशाच्या जेवणात शिकलो आणि यजमानांची माफी मागून ती सगळी परत घेतली.

आम्ही मोठ्या कामाला हॉट एअर गन वापरतो, रंगकाम करणारे जुना रंग सोडवायला वापरतात ती. कोळशाच्या ढिगात एकाच जागी तिचे तोंड रोखले की दोन-तीन मिनिटांत तिथे निखारा धरतो, कारण ती उष्णता आणि वारा एकाच वेळी देते. पण ती १,८०० ते २,००० वॉटची असते. तिला १६ अँपिअरचे सॉकेट आणि जाड वायर लागते. घरातल्या दिव्यासाठीच्या बारीक एक्स्टेन्शनवर ती लावली तर वायर तापून वितळते. तुमच्या परसात तसे सॉकेट नसेल तर चिमणीच बरी.

घरातल्या गॅसवर जाळी ठेवून कोळसा पेटवण्याची रीत अनेकांना माहीत आहे, डाळीला धुंगार देताना आपण ती करतोच. दोन-चार तुकड्यांना ती ठीक. त्याहून जास्त नको: ओला तुकडा तडतडून फुटतो, ठिणगी ओट्यावरून पडद्यावर जाते, आणि लाल कोळशाचे भांडे घेऊन स्वयंपाकघरातून परसात चालत जाणे मला तरी कधीच मान्य झालेले नाही.

बाणेरहून (उपप्रश्न)

आमच्याकडे परस नाही. सातव्या मजल्यावरची गॅलरी आहे आणि तिला सरकत्या काचा लावल्या आहेत. काचा उघड्या ठेवून तिथे चिमणी पेटवली तर चालेल का? धूर गेल्यावर ग्रिल आत घेता येईल का?

भट्टीवाला (उत्तर)

दोन्हींचे उत्तर नाही असे आहे, आणि मी हे फार कळकळीने लिहीत आहे. धूर गेला म्हणजे धोका गेला असे नसते. उलट फुललेल्या, धूर नसलेल्या निखाऱ्यांतूनच कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून बसतो, त्यामुळे माणसाला आधी डोके जड वाटते, मग झोप येते आणि झोपेतच जीव जातो. थंडीत खोली उबदार राहावी म्हणून शेगडी आत घेऊन झोपलेली माणसे अशीच दगावतात. तीन बाजूंनी भिंत असलेली गॅलरी एक काच उघडली म्हणून उघडी जागा होत नाही. शिवाय वरच्या मजल्यावरच्या घरात धूर आणि ठिणगी जाते ती वेगळी. सोसायटीच्या परवानगीने सामायिक गच्चीवर, पाण्याच्या टाकीपासून आणि वाळवणापासून दूर, शेजारी पाण्याची बादली ठेवून करा. नाहीतर विजेवरचे ग्रिल घ्या.

प्राजक्ताचे अंगण (२६ डिसेंबर)

सर्वांना मनःपूर्वक धन्यवाद. काल जे झाले ते सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी आपला वेळ दिलात.

काळ्या पत्र्याची चिमणी घराजवळच्या एका फॅब्रिकेशनवाल्याने दोन दिवसांत करून दिली. त्याने आधी गॅल्व्हनाइज्ड पत्राच काढला होता. कारण सांगितल्यावर त्याने तो मुकाट्याने परत ठेवला. वखारीत मी या वेळी स्वतः गेले आणि तुकडे आपटून पाहिले. पहिल्या पोत्यातले सगळे बद्द वाजत होते. तिसऱ्या पोत्यातले खणखणले. घरी आणून २ दिवस गच्चीवर वाळवले आणि चाळले, तेव्हा ५ किलोतून जवळजवळ पाव किलो भुकटी निघाली.

संध्याकाळी साडेसहाला चिमणी ग्रिलच्या जाळीवर ठेवली, तेल शिंपडलेला कागद आणि त्यावर थोडा काथ्या असे दोघांचे ऐकून दोन्ही घातले. धूर चार-पाच मिनिटे आला आणि तेवढा वेळ सासूबाईंना आम्ही पुढच्या अंगणात बसवले होते. सहाव्या मिनिटाला चिमणीतून बारीक करकर ऐकू येऊ लागली, मग खालच्या भोकांतून केशरी रंग दिसला. अंधार पडत आला होता, त्यामुळे तो रंग भोकाभोकांतून फरशीवर पडलेला दिसत होता. १६ मिनिटांनी वरच्या तुकड्यांच्या कडा करड्या झाल्या आणि यजमानांनी हातमोजा घालून चिमणी ओतली. दुसरी खेप विटांवर ठेवली होती, ती त्याहून लवकर फुलली.

एक अडचण आली. चिमणीची मूठ जवळ बसवली गेली आहे, बोटभरच अंतर आहे, त्यामुळे दुसऱ्या खेपेला ती हातमोज्यातूनही तापलेली लागली. ती बदलून घेणार आहे. झाकण आणि झडप बंद करून ठेवलेल्या ग्रिलमध्ये आज सकाळी ओंजळभर विझवणीचे कोळसे मिळाले, ते मडक्यात भरून ठेवले आहेत. राख पूर्ण दोन दिवस तशीच राहू देणार आहे आणि मग कढीलिंबाच्या आळ्यात थोडी घालीन.

वांगी सर्वांत आधी ठेवली होती. साल काळी होऊन सुटली तेव्हा सासूबाई खुर्ची घेऊन परसात आल्या, ग्रिलपासून चार हात लांब, वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसल्या आणि भरीत त्यांनी स्वतः केले. कांदा, मिरची, दाण्याचे कूट आणि वरून कोथिंबीर. त्यांनी ते पहिल्यांदा स्वतःच्या ताटात वाढून घेतले.

वाड्यातली आठवण

मूठ बदलताना त्याला सांग, पत्र्यापासून चार बोटे, आणि मध्ये लोखंडी पट्टीचा आडोसा. आमच्या नळकांड्याला मूठच नव्हती, आई ते सांडशीने धरी.

भट्टीवाला

पट्टी उत्तम. तिला दोन भोके पाडून घ्या, म्हणजे तीही तापून राहणार नाही.